वनस्पतींचे दूध आणि गाईचे दूध : अंगी काय लागते?

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील आरोग्यशिक्षणविषयक भाषणाचा मजकूर)



मराठी भाषेत ‘दूध’ हा शब्द मोठ्या उदारपणाने वापरला जातो. गाईचे, म्हशीचे व शेळीचे दूध तर आहेच. परंतु नारळाचे दूध, नाचणीचे दूध, तिळाचे दूध असे शब्दही घरोघरी रूढ आहेत. कणसात दूध भरले, असे शेतकरी म्हणतो. अलीकडे शहरांच्या बाजारपेठांत सोयाबीन, बदाम व ओट या धान्याची पांढरी पेये बंद खोक्यांतून येऊ लागली आहेत, आणि त्यांचे वारे तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहे. पांढरा रंग आणि पातळपणा एवढ्या दोन गुणांवरून वस्तूला दूध म्हणावयाचे ठरविले, तर रुईच्या चिकालाही तो मान द्यावा लागेल. पण त्याला कोणी ओठ लावीत नाही.

नावाचा हा घोटाळा केवळ भाषेचा नाही. अन्नपदार्थांच्या वेष्टनांविषयीच्या भारतीय नियमांत ‘दूध’ हे नाव जनावरांच्या दुधासाठी राखून ठेवलेले असून, नारळाच्या दुधासारख्या परंपरेने रूढ झालेल्या नावांपुरतीच सवलत दिलेली आहे. २०२१ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सोयाबीन, बदाम इत्यादींची पेये दूध म्हणून विकली जाण्यास हरकत घेतली, ती याच आधारावर. कायद्याने नाव ठरविता येते. परंतु मुलाच्या हाडामांसात काय उतरते, हे कायद्याने ठरत नाही. ते आतड्यात ठरते. म्हणून या दोन प्रकारच्या दुधांतील पोषणद्रव्ये शरीरात कितपत शोषली जातात, याचा विचार शिक्षकांना असणे अगत्याचे आहे. गावातील पालक ज्यांच्याकडे विश्वासाने प्रश्न घेऊन येतात, अशा थोड्या माणसांत शिक्षकाची गणना होते.

पिकले किती आणि कणगीत आले किती

मराठी माणूस म्हणतो, “पोर खाते पुष्कळ, पण अंगी लागत नाही.” आहारशास्त्रातील एक मोठे तत्त्व या साध्या वाक्यात आले आहे. शेतात धान्य किती उभे आहे, यावरून वर्षाची बेगमी ठरत नाही. मळणी होऊन कणगीत किती पडले, यावरून ती ठरते. पाखरे, पाऊस आणि उंदीर आपापला वाटा मधल्या मधे घेऊन जातात. अन्नाचेही तसेच आहे. अन्नात असलेले पोषणद्रव्य प्रथम पाचकरसांच्या योगाने सुटे व्हावे लागते, नंतर ते विरघळलेल्या स्थितीत लहान आतड्याच्या अस्तरापाशी पोचावे लागते, आणि त्यानंतरच ते रक्तात शिरते. या वाटेवर त्याला अडवून धरणारे पदार्थ असतात, तसेच पुढे नेणारेही असतात. जे शोषले जात नाही, ते मलावाटे निघून जाते.

यास्तव एखाद्या पदार्थात कॅल्शियम किती आहे एवढेच सांगणारा तक्ता हा उभ्या पिकाचा अंदाज होय. कणगीचा हिशेब त्याहून निराळा असतो.

मुलांच्या वाढीवरील काही जुने प्रयोग

दुधाविषयीचा आजचा विश्वास केवळ परंपरेतून आलेला नाही. इंग्लंडमध्ये डॉ. कॉरी मान यांनी मुलांच्या एका वसतिगृहात केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त १९२६ साली प्रसिद्ध झाला. वसतिगृहातील नेहमीचा आहार घेणाऱ्या मुलांचे वजन एका वर्षात सरासरी ३.८५ पौंडांनी व उंची १.८४ इंचांनी वाढली. त्याच आहाराबरोबर रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध घेणाऱ्या मुलांचे वजन मात्र ६.९८ पौंडांनी व उंची २.६३ इंचांनी वाढली. दुसऱ्या एका गटाला दुधाऐवजी दुधातील केसीन हे प्रथिन तेवढे देण्यात आले होते. त्या गटाची वाढ दूध घेणाऱ्यांच्या मानाने पुष्कळच कमी भरली. दुधाचे सामर्थ्य त्याच्या एकाच घटकात नाही, हे त्यावरून दिसून आले.

भारतातील प्रयोग याहूनही बोधप्रद आहेत. निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे त्या वेळी पोषणविषयक संशोधनशाळा होती. हीच संस्था १९५८ साली हैदराबाद येथे हलविण्यात आली व आज राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. तिचे संचालक डॉ. ॲक्रॉइड व त्यांचे सहकारी कृष्णन यांनी दक्षिण भारतातील मुलांच्या तांदूळप्रधान आहाराला निरनिराळ्या पदार्थांची जोड देऊन पाहिली. त्यांचे निष्कर्ष १९३७ साली प्रसिद्ध झाले. साय काढलेल्या दुधाची भुकटी मिळालेल्या मुलांची वाढ स्पष्टपणे सुधारली. सोयाबीन मिळालेल्या मुलांत मात्र तशी सुधारणा दिसून आली नाही.

सोयाबीनमध्ये प्रथिनांची मुळीच वाण नाही. मग असे का व्हावे? १९३८ साली याच संशोधकांनी शिशुशाळेतील मुलांना कॅल्शियम लॅक्टेट हा क्षार देऊन पाहिला, आणि त्या मुलांच्या वाढीत सुधारणा आढळली. तांदूळप्रधान आहारात कॅल्शियमचा दुष्काळ असतो. दूध तो भरून काढते, सोयाबीनचा दाणा तितका काढीत नाही. ‘दुधाऐवजी काय?’ हा प्रश्न विचारताना आधी ‘दुधातील कशाऐवजी?’ हे विचारले पाहिजे, हा धडा या प्रयोगांनी घालून दिला.

प्रथिनांचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे ३.३ ग्रॅम व म्हशीच्या दुधात सुमारे ३.७ ग्रॅम प्रथिने असतात. ही प्रथिने सहज पचतात आणि शरीराला अत्यावश्यक असलेली सर्व अमायनो आम्ले त्यांत योग्य प्रमाणात असतात.

वनस्पतींच्या दुधांत या बाबतीत सोयाबीनचाच क्रमांक पहिला लागतो. नीट घट्ट केलेल्या सोया दुधातील प्रथिनांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ गाईच्या दुधाइतके असते, आणि त्यांचा दर्जाही दुधाच्या खालोखाल मानला जातो. परंतु येथे एक अट आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला निकामी करणारा एक पदार्थ असतो. ऑसबोर्न व मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवून दिले होते, की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, पण तेच सोयाबीन शिजवून दिले तर होते. म्हणून घरी सोयाबीनचे दूध करावयाचे, तर दाणे रात्रभर भिजवून, चोळून साल काढून, वाटून, गाळून नंतर ते चांगले वीस मिनिटे तरी उकळले पाहिजे. एक उकळी आली की भांडे उतरविण्याची सवय गाईच्या दुधापुरती ठीक आहे. सोयाबीनला ती चालत नाही. फेस वर आला म्हणजे उकळी आली असा भास होतो, त्यालाही फसू नये.

बदामाची गोष्ट निराळी आहे. बदाम पौष्टिक खरा. पण पेल्यात तो किती उतरतो? दहाबारा बदाम वाटून पेलाभर पाण्यात कालविले, तर फार तर अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच दुधात साडेसहा ग्रॅम असतात. बाजारातील बदामपेयांत तर शंभर भागांत अर्ध्या भागाच्या आसपासच प्रथिन असते. नारळाचे दूध स्निग्धांशाने समृद्ध आहे. परंतु पातळ करून प्यावयाच्या दुधात प्रथिन नाममात्रच उरते. तांदळाच्या दुधात पिष्टमय पदार्थ मुख्य. भातातील प्रथिनात लायसीन हे अमायनो आम्ल कमी पडते, ते डाळीने भरून निघते. वरणभाताची जोडी अशी शास्त्रशुद्ध आहे. नुसत्या पेजेला मात्र तो आधार नसतो.

वनस्पतींच्या दुधाचा शोध भारतात नवा नाही. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत १९१२ साली दूध सोडले होते. १९१८ सालच्या दीर्घ आजारानंतर त्यांना शेळीच्या दुधाचा आश्रय करावा लागला, आणि दुधाला तोलास तोल असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणी शोधून द्यावा, असे आवाहन ते वैद्य-डॉक्टरांना करीत राहिले. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन आहारात घेऊन पाहण्याचा प्रयोगही केला. म्हैसूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने डॉ. सुब्रह्मण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली भुईमुगाकडे लक्ष वळविले. पुढे त्या संस्थेत भुईमुगाचे प्रथिन जनावरांच्या दुधात मिसळून आणि वरून क्षार व जीवनसत्त्वे घालून ‘मिल्टोन’ या नावाचे पेय तयार झाले. त्या शास्त्रज्ञांना केवळ शेंगदाणे वाटून थांबता आले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुधाच्या जागी काही ठेवावयाचे, तर जे उणे पडते ते मोजून घालावे लागते.

कॅल्शियम : असणे आणि मिळणे

कॅल्शियमच्या बाबतीत शोषणाचा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो. उपर्युक्त कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे ११८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यातील सुमारे तीस टक्के शरीरात शोषले जाते. म्हणजे २०० ग्रॅमचा एक पेला घेतल्यास २३६ मिलिग्रॅम पोटात जाते व सुमारे ७१ मिलिग्रॅम अंगी लागते.

आता पालकाची भाजी पाहावी. १०० ग्रॅम पालकात सुमारे ८२ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. आकडा वाईट नाही. परंतु १९८८ साली हीनी, वीव्हर व रेकर या अमेरिकन संशोधकांनी खुणेच्या कॅल्शियमचा उपयोग करून मोजले, तेव्हा पालकातील अवघे पाच टक्के कॅल्शियम शोषले जाते असे आढळले. म्हणजे १०० ग्रॅममागे चारच मिलिग्रॅम. एक पेला दुधाची बरोबरी करण्यास पावणेदोन किलो पालक खावा लागेल! याचे कारण ऑक्झॅलेट. हे आम्ल कॅल्शियमला अशी मिठी मारते, की त्यांचा न विरघळणारा खडा बनतो आणि तो आतड्यातून तसाच पुढे जातो. अळूचे पान चिरताना हाताला जी खाज सुटते, ती याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. पालक व अळू यांत इतर गुण आहेत, ते अवश्य खावेत. परंतु हाडांसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. याउलट कोबी-मोहरीच्या कुळातील पाल्यांत ऑक्झॅलेट कमी असते. त्या कुळातील केल नावाच्या पाल्यावर १९९० साली झालेल्या प्रयोगात त्यातील कॅल्शियम दुधापेक्षाही अधिक प्रमाणात शोषले गेले. मुळ्याचा पाला त्याच कुळातला आहे. बाजारातून मुळा आणून पाला उकिरड्यावर टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

वनस्पतींच्या दुधात दुसरा अडथळा असतो तो फायटेटचा. धान्ये, कडधान्ये व तेलबिया आपला फॉस्फरस या रूपाने साठवून ठेवतात. ते रोपासाठी हिताचे असते. परंतु खाणाऱ्याच्या पोटात गेल्यावर फायटेट जस्त, लोह व कॅल्शियम यांना बांधून ठेवते. शिवाय सोयाबीनच्या साध्या दुधात मुळातच कॅल्शियम थोडे, १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ मिलिग्रॅम. त्याचे शोषण गाईच्या दुधाइतकेच होते असे मानले, तरी पेल्यामागे १५ मिलिग्रॅमच हाती येतात. ७१ कोठे आणि १५ कोठे!

हा दोष ओळखूनच कारखान्यांत तयार होणाऱ्या अनेक सोया, बदाम व ओट पेयांत वरून कॅल्शियम घालतात. त्याचाही तपास झालेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या हीनी यांच्या प्रयोगात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेल्या सोया दुधातील कॅल्शियमचे शोषण गाईच्या दुधाच्या पाऊणपट भरले. २००५ साली झाओ, मार्टिन व वीव्हर यांनी दाखविले, की कॅल्शियम कार्बोनेट घातले असता सोया दुधातील शोषण गाईच्या दुधाबरोबर येते. अर्थात वनस्पतींच्या दुधाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यात काय घातले आहे आणि कोणत्या रूपात घातले आहे, हे पाहण्याचे कारण आहे. घातलेले कॅल्शियम पुष्कळदा तळाशी बसते. खोके न हलविता वरचे वर ओतून घेतले, तर ज्यासाठी पैसे मोजले ते तळातच राहते.

शोषणाच्या कामात शरीरही स्वस्थ बसलेले नसते. आहारात कॅल्शियम कमी पडू लागले, की आतडे त्याचा अधिक वाटा ओढून घेते. या कामी जीवनसत्त्व ‘ड’ हे त्याचे मुख्य साधन असून, ते उन्हाच्या साहाय्याने त्वचेत तयार होते. महाराष्ट्रात ऊन विकत घ्यावे लागत नाही. मुलांना मैदानावर खेळू देणे हाही हाडांच्या पोषणाचा भाग आहे.

नाचणीची साक्ष

महाराष्ट्रात कोकणपट्टीत व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतर कोणतेही नित्याचे धान्य तिच्या जवळपास येत नाही. नाचणीतही फायटेट आहे, म्हणून ते सर्व अंगी लागत नाही. परंतु म्हैसूरच्या संस्थेतील जोसेफ, कुरियन, स्वामिनाथन व सुब्रह्मण्यन यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निकृष्ट आहारावरील मुलांच्या जेवणातील तांदळाच्या जागी नाचणी दिली, तेव्हा त्यांच्या शरीरात कॅल्शियम अधिक प्रमाणात राहू लागल्याचे आढळले.

दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ लागते असे मानले, तर त्यात सुमारे ४३७ मिलिग्रॅम कॅल्शियम येते. शोषणाचे प्रमाण दुधाच्या निम्मेच, म्हणजे पंधरा टक्के, असे उदाहरणापुरते धरले, तरी ६५ मिलिग्रॅमच्या वर अंगी लागते. पेलाभर दुधाच्या ते पुष्कळ जवळ आहे. ज्या घरी दुभते जनावर नाही, अथवा असूनही दुधाचा थेंबन्‌थेंब डेअरीच्या कॅनमध्ये जातो आणि मुलाच्या वाट्याला कोरा चहा येतो, त्या घराला हा हिशेब सांगण्यासारखा आहे.

मात्र नाचणीचे दूध आणि नाचणीची भाकरी यांत भेद केला पाहिजे. नाचणीचे सत्त्व काढताना ती भिजवितात, तिला मोड आणतात, वाटतात, फडक्यातून पिळून दूध काढतात, निवळ ओतून तळाचा साका वाळवितात. मोड आणल्याने फायटेट घटते, हा या कृतीतील मोठा लाभ. परंतु नाचणीचे कॅल्शियम बव्हंशी तिच्या तांबूस टरफलात असते, आणि चोथा टाकला की त्यातले पुष्कळसे त्याच्याबरोबर जाते. जे सत्त्व पांढरेशुभ्र म्हणून वाखाणले जाते, ते कॅल्शियमच्या दृष्टीने अधिक दरिद्री असते. तान्हेपण संपत आलेल्या बाळाला पचावयास हलके म्हणून सत्त्व ठीक. शाळकरी मुलासाठी मात्र मोड आणून, वाळवून, सालासकट दळलेले पीठच श्रेयस्कर. त्याची आंबील करावी, भाकरी करावी, लाडू करावेत. पीठ आंबविल्यानेही फायटेट कमी होते. आजीच्या आंबिलीला शास्त्राचा असा पाठिंबा आहे.

तिळाविषयीही एवढेच सांगता येईल. त्यात कॅल्शियम विपुल असते. परंतु सालीत ऑक्झॅलेट असल्याने त्याचा मोठा भाग अडकून पडतो. संक्रांतीचा तिळगूळ गुणकारी आहे. परंतु तक्त्यातील आकडा जसाच्या तसा धरून चालणार नाही.

दुधात आहे ते आणि नाही ते

एक पोषणद्रव्य असे आहे, की ज्याच्यासाठी वनस्पतींकडे कितीही वळले तरी हात रिकामे परततात. ते म्हणजे जीवनसत्त्व ब-१२. त्याचा शोध १९४८ साली लागला. रक्त व मज्जातंतू यांसाठी ते अत्यावश्यक असून, ते फक्त सूक्ष्म जंतूच तयार करतात. जनावरांच्या दुधात, अंड्यांत, मासळीत व मांसात ते मिळते. वनस्पतींच्या दुधात वरून घातल्याशिवाय ते नसते. महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबे शाकाहारी आहेत; त्यांच्या आहारात ब-१२ चा जवळजवळ एकमेव आधार म्हणजे दूध, दही व ताक. पुण्यातील संशोधकांनी शाकाहारी तरुणांना रोज दूध देऊन केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला असून, त्यात त्यांच्या रक्तातील ब-१२ ची स्थिती सुधारलेली दिसली. शाकाहारी घराने दूधही सोडावयाचे ठरविले, तर वैद्यकीय सल्ल्याने ब-१२ ची स्वतंत्र तरतूद केलीच पाहिजे.

तथापि दूध सर्वगुणसंपन्न आहे असेही नव्हे. त्यात लोह अत्यल्प असते, आणि त्यातील कॅल्शियम जेवणातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते. अन्न टाळून नुसत्या दुधावर वाढविलेले मूल गुबगुबीत दिसते, पण पांढुरके पडते, ते याच कारणाने. डाळी-उसळींतील लोह अंगी लागावे म्हणून त्यांवर लिंबू पिळावे, सोबत आवळा किंवा पेरू द्यावा. त्यातील जीवनसत्त्व ‘क’ लोहाचे शोषण वाढविते. चहा मात्र जेवणापासून दूर ठेवावा.

काही मुलांना दूध प्यायल्यावर पोटात गुडगुड होते, पोट फुगते, जुलाब होतात. दुधातील दुग्धशर्करा पचविणारा पाचकरस मोठ्या वयात पुष्कळांच्या शरीरात कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जंतू ती आंबवितात. अशा मुलाला हट्टाने पेला पाजू नये. थोडे थोडे, जेवणाबरोबर द्यावे, अथवा दही द्यावे. दह्यातील जंतू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच संपवितात व उरलेली पचविण्यासही हातभार लावतात. कॅल्शियम व प्रथिने दह्यात दुधाप्रमाणेच राहतात. दुधातील प्रथिनांचेच वावडे असणे ही निराळी बाब असून, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास ते काम डॉक्टरांचे आहे. अशा मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व जीवनसत्त्वे घातलेले सोया दूध हा चांगला आश्रय ठरू शकतो. मात्र काहींना सोयाबीनचेही वावडे असते.

सर्वांत लहानांचा प्रश्न

शाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या मातेच्या कडेवर बहुधा एक लहान मूल असते. प्रस्तुत विषयातील खरा धोका त्या मुलाला आहे. पहिले सहा महिने आईचे दूध, आणि केवळ आईचेच. त्यानंतर दोन वर्षांपर्यंत व पुढेही ते चालू ठेवून जोडीला घरचे मऊ, घट्ट अन्न, हा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश आहे. आईचे दूध मिळत नसेल, तर काय द्यावे हे आरोग्यकेंद्रात विचारावे. तांदळाची पेज, बदामाचे पाणी, नारळाचे दूध अथवा नाचणीचे पातळ दूध ही त्या वयात दुधाची जागा घेऊ शकत नाहीत.

ही केवळ भीती नव्हे. अमेरिकेसारख्या संपन्न देशात दोन मुलांची हकीकत २००१ साली बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बावीस महिन्यांच्या एका मुलाला मुख्यतः तांदळाच्या पेयावर वाढविले होते. त्याला क्वाशिओरकोर हा प्रथिनांच्या अभावाचा रोग जडला. सतरा महिन्यांच्या दुसऱ्या मुलाला जीवनसत्त्व ‘ड’ न घातलेले सोया पेय दिले जात होते. त्याला मुडदूस झाला. दोन्ही घरी अन्न होते, पैसा होता आणि मुलावर मायाही होती.  क्वाशिओरकोर हा शब्द आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशातील गा भाषेतला. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ साली तो वैद्यकात आणला. पाठचे भावंड झाले म्हणजे ज्याचे अंगावरचे दूध तुटते, त्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय आहे. हातापायांवर सूज, केसांचा रंग फिका, मूल चिडचिडे व निरुत्साही, ही त्याची लक्षणे. सुजेमुळे मूल भरलेले दिसते, म्हणूनच ती ओळखण्यास शिकले पाहिजे.

शिक्षकांनी काय करावे

या विषयासाठी स्वतंत्र तासिका नको. गणिताच्या तासाला शोषणाच्या टक्केवारीची उदाहरणे घालावीत. दूध, पालक व नाचणी यांचे वर दिलेले आकडे पाचवीच्या मुलांना सहज झेपतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी रोजच्या आहारात ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुचविले आहे. आपल्या दिवसभराच्या जेवणातून ते किती मिळते, याची बेरीज मुलांकडून करवून घ्यावी. मात्र कोणाच्या घरची बेरीज फळ्यावर लिहू नये.

विज्ञानाच्या तासाला तीन वाट्या मांडाव्यात : एकीत कोमट गाईचे दूध, दुसरीत उकळलेले कोमट सोयाबीनचे दूध, तिसरीत भाताची पातळ पेज. तिन्हींत लिंबाचा रस घालावा. पहिल्या दोन वाट्यांत प्रथिन साकळते. पेज जशीच्या तशी राहते. रंग सारखा असूनही अंतरंग निराळे असते, हे मुले डोळ्यांनी पाहतील आणि घरी जाऊन सांगतील.

पालकसभेत बाजारातील पेयांची नावे घेऊन भलावण अथवा निंदा करू नये. तीन प्रश्न विचारण्यास शिकवावे. यात प्रथिन किती आहे? कॅल्शियम, ब-१२ व ‘ड’ वरून घातले आहे काय? आणि ज्याला द्यावयाचे, त्याचे वय काय? ज्यांना दूध परवडते, त्यांनी ते विकण्यापूर्वी मुलाचा पेला बाजूला काढून ठेवावा. ज्यांना परवडत नाही, त्यांनी महाग बदामपेयाच्या मागे न लागता सालासकट नाचणी, डाळ-उसळ व मुळ्या-कोबीचा पाला मुलाच्या ताटात घालावा, आणि वाटीभर दही-ताक जमेल तेव्हा द्यावे. मासळी खाणाऱ्या घरांनी काट्यासकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळीही विसरू नये.

मूल शाळेत येते तेव्हा त्याची उंची आणि वजन हजेरीपटाच्या शेजारीच नोंदविले जाते. त्या नोंदी बहुधा रकाने भरण्यासाठी भरल्या जातात. यापुढे त्या वाचल्या जाव्यात. ज्या मुलाची उंची सहा महिन्यांत तसूभरही वाढली नाही, त्याच्या घरी काय शिजते, हे त्याला एकटे असताना विचारावे, त्याला आरोग्यतपासणीत पुढे घ्यावे, आणि त्याच्या आईला शाळेत बोलावून समोर बसवून, न दुखविता, दोन गोष्टी सांगाव्यात. खाल्लेले अंगी लागते की नाही, याची पहिली खूण त्या रकान्यातच उमटते.